एक कोडी होईपर्यंत

१

मुलुंड पूर्वेला म्हाडाची एक जुनी चार मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर जयवंत परबांच्या दाराबाहेर स्टुलावर एक निळं पिंप ठेवलेलं असे. पिंपाला नळ, नळाखाली बादली, बाजूला दोरीला बांधलेला साबण. दारावर धाकट्या मुलाने, सुयोगने, पुण्याहून छापून पाठवलेला कागद होता: ‘आत येण्याआधी हातपाय धुवा. सर्दी, खोकला, ताप असल्यास बेल वाजवू नका.’ त्याखाली जयवंतने आपल्या अक्षरात भर घातली होती, ‘अजिबात.’

आत श्रुतिका होती. सत्तावीस वर्षांची लेक. रक्ताचा कर्करोग झाला, सुयोगच्या हाडातला मगज तिला दिला गेला, आणि तो रुजावा म्हणून औषधं देऊन तिची सगळी प्रतिकारशक्ती शून्यावर आणली होती. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. “काका, तुम्हाला नुसती सर्दी होईल त्यात हिचा न्यूमोनिया होईल,” त्या म्हणाल्या होत्या. “शंभर दिवस डोळ्यात तेल घालून सांभाळा. मग आपण जरा श्वास घेऊ.”

जयवंतने ते वाक्य अक्षरशः पाळलं. दही बंद, कोशिंबीर बंद, वरून पेरायची कोथिंबीर बंद. तुळशीच्या कुंडीतली माती नको म्हणून तुळस खालच्या मजल्यावर भाऊरावांकडे गेली. देवांना फुलंही बंद झाली. त्याची बायको नलिनी गणपतीला म्हणाली, “शंभर दिवस हळदकुंकवावर भागव रे बाबा, मागाहून हार घालते.” पाणी वीस मिनिटं खळखळा उकळायचं. फरशी दिवसातून दोनदा पुसायची. नलिनी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला, ती संध्याकाळी आली की थेट न्हाणीघरात. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव एकदा पॅसेजमधल्या ओलीबद्दल कुरकुरले होते, तेव्हा जयवंतने त्यांना पिंपापाशीच उभं करून कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तेव्हापासून ते खालूनच हाक मारत.

सत्तावन्नाव्या दिवशी, दुपारी पावणेचारला, श्रुतिका तिच्या खोलीत झोपली होती आणि जयवंत बाहेरच्या खोलीत गोळ्यांच्या डब्या भरत होता. दाराबाहेर नळ सुटला. बादलीत धार पडली. नळ बंद झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा नळ, पुन्हा धार, पुन्हा बंद.

कोणीतरी आलं, हात धुतोय, आता बेल वाजवेल, म्हणून तो उठून उभा राहिला. बेल वाजली नाही. त्याने दार उघडलं. पॅसेज रिकामा होता आणि जिन्यावर कोणाची पावलंही वाजत नव्हती. साबण ओला होता, त्यावर ताजा फेस होता.

गॅसवाला असेल, चुकीच्या मजल्यावर आला असेल, असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

२

अंजनाबाईंबद्दल सांगायलाच हवं.

हॉस्पिटलात श्रुतिकाच्या शेजारच्या खोलीत त्या होत्या. खारदांड्याच्या कोळीण, वय बावन्न, तोच आजार, तेच उपचार, श्रुतिकाच्या तीन आठवडे पुढे. डोक्यावर एक केस नाही, पण आवाज असा की मधल्या काचेतूनही ऐकू यावा. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्या झापत. जयवंत पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बेसिनवर हात ओले करून झटकले होते. पाठून आवाज आला, “काय रं दादा, हात धुवलंस की हातांना पानी दाखवलंस?”

त्याने ओशाळून साबण घेतला.

“असा नाय. नळ बंद कर. एक कोडी होईपर्यंत घास. मग नळ सोड. आमी मासली मोजतो ना, विसाची कोडी, तशी. लाभ, दोन, तीन… मोज की! कवाचा उभा हाय!”

माप मोजताना पहिल्याला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, हे त्याने मालवणला आजोबांच्या खळ्यात ऐकलं होतं, पुन्हा आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो हसला आणि त्याने वीसपर्यंत मोजलं. पुढे डॉक्टर, नर्स, झाडूवाला सगळेच मोजायला लागले. श्रुतिका आणि अंजनाबाई यांची तर गट्टीच जमली. उलट्यांनी पोरगी हैराण झाली की अंजनाबाई काचेवर टकटक करून ओरडत, “मेल्या कॅन्सरला सांग, बाजारात उशिरा आलास, माल संपला!” श्रुतिका हसे, आणि हसली की दोन घास खाई. जयवंतला त्या बाईचा किती आधार वाटायचा हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण रोज देवापुढे हात जोडताना तिचंही नाव घ्यायचा.

त्या आधी घरी गेल्या. जाताना श्रुतिकाला म्हणाल्या, “तुजे शंभर झाले की मी येन तुज्या घरी. माज्या हाताचा कालवन खाशील.”

श्रुतिकाच्या बावन्नाव्या दिवशी त्यांचा नवरा रामनाथ याचा जयवंतला फोन आला. अंजनाबाई गेल्या होत्या. दोन महिने नीट चाललं होतं. मग धक्क्याला बोट लागली, मासळीच्या टोपल्या उतरल्या, आणि त्या बाईला राहवलं नाही. फक्त एकदा हात घातला. काटा लागला तर्जनीच्या पेराला. दुसऱ्या दिवशी बोट काळंनिळं, तिसऱ्या दिवशी ताप, सातव्या दिवशी सगळं संपलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, श्रुतिकाला आत्ता सांगू नका, तिची उमेद जाईल. जयवंतने सांगितलं नाही. नलिनीला मात्र सांगितलं, आणि पंचावन्नाव्या दिवशी, लेकीला ‘औषधं आणायला जातो’ म्हणून, तोंडाला दोन मास्क लावून तो खारदांड्याला जाऊन आला.

घर लहान, दारात चपला, कोपऱ्यात दिवा. रामनाथ भिंतीला टेकून बसला होता. शेजारची एक म्हातारी, वनमाला तिचं नाव, दिव्यात तेल घालत होती. जयवंत पाच मिनिटं बसला. आणि उठताना, जन्मभराच्या सवयीने, तोंडातून निघून गेलं: “बरं, येतो हां. तुम्ही पण या एकदा घरी, श्रुतिकाला बघायला.”

मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. तिथून कोणाला घरी बोलावत तर नाहीतच. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वनमालाबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि त्या मान वर करून जयवंतकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच दिव्याकडे बघितलं. जयवंत मागे न बघता बाहेर पडला, आणि घरी येऊन पिंपावर हातपाय धुऊन, अंघोळ करून मगच खोलीत शिरला.

३

अठ्ठावन्नाव्या दिवशी पावणेचारला पुन्हा नळ वाजला. एकोणसाठाव्या दिवशीही वाजला.

जयवंत घाबरट माणूस नव्हता. पालिकेच्या पाणी खात्यात त्याने चौतीस वर्षं चावीवाल्याचं काम केलं होतं. रस्त्यातली झाकणं उघडून, लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवून, या भागाचं पाणी सोड, त्या भागाचं बंद कर. जमिनीखालच्या पाइपाला कान लावून गळती कुठे आहे ते तो सांगायचा. आयुष्यभर त्याने पाणी ऐकलं होतं. तेव्हा नळाला भुताने हात लावला असं मानायला त्याची बुद्धी तयार होईना.

आधी त्याने नळ तपासला. वायसर नवा घातला. मग पिंपावर मार्करने पाण्याची पातळी आखली. साडेतीनला रेघ, चारला पुन्हा रेघ. दोन्ही रेघांमध्ये दोन बोटांचं अंतर. उंदीर नळ फिरवत नाही, कावळा साबण वापरत नाही. वरच्या मजल्यावर कोणी नाही, कारण वर गच्चीच आहे. समोरची खोली दोन वर्षं कुलपात. खालच्या भाऊरावांचे गुडघे रोज रोज जिना चढण्याच्या लायकीचे नव्हते, आणि चढले असते तर ऐकू आलं असतं.

साठाव्या दिवशी तो दाराला कान लावून बसला. घरात पंख्याचा आवाज, आतल्या खोलीत श्रुतिकाचा झोपेतला श्वास. पावणेचार झाले.

नळ सुटला. बंद झाला.

मधली शांतता तो मोजायला लागला, गळतीचं अंतर मोजायची जुनी सवय. एक, दोन, तीन. त्या शांततेत फार बारीक आवाज होता. ओल्या तळव्यावर तळवा घासल्याचा. मध्येच काचेवर काच लागल्यासारखी किणकिण. सतरा, अठरा, एकोणीस, वीस.

नळ सुटला.

त्याचा हात कडीवर होता. दार उघडायला एवढासा जोर पुरला असता. त्याच्याने उघडवलं नाही.

४

रात्री त्याने नलिनीला सांगितलं. सगळं नाही, नुसतं नळाचं.

“तुमका झोप पुरत नाय,” नलिनी म्हणाली. “दोन महिने झाले, तुम्ही चार तासांच्या वर डोळा लावलात काय? कान वाजतत तुमचे.”

“पिंपातलं पाणी पण कानामुळे कमी होतंय काय गो?”

“आटत असेल. एवढी गरमी आहे.”

“दोन बोटं? अर्ध्या तासात?”

नलिनीने त्याच्याकडे बघितलं. तीही कोकणातलीच. थोड्या वेळाने म्हणाली, “देवाक काळजी,” आणि कूस वळून झोपली. झोपली नव्हती, हे त्याला कळत होतं.

बासष्टाव्या दिवशी पावलं दिसली.

दारासमोरच्या लादीवर ओली, अनवाणी, रुंद पावलं. बोटं फाकलेली, उभ्या आयुष्यात चप्पल कमीच घातलेल्या माणसाची असतात तशी. पिंपापासून तीन पावलं, आणि मग दोन शेजारी शेजारी, उंबऱ्याला चिकटून, बोटं घराकडे. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं. जिन्याकडची लादी ठणठणीत कोरडी होती.

म्हणजे जी कोणी होती ती हात धुऊन, पाय धुऊन, दारात येऊन उभी राहत होती. नियमाने. बेल न वाजवता. आणि तिथून पुढे ती कुठे जात होती ते लादीवर लिहिलेलं नव्हतं.

जयवंतने फिनेलने लादी पुसली. आता त्याची बुद्धी दमली होती आणि मनाने आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली होती. तू बोलावलंस. दिव्यासमोर उभं राहून बोलावलंस. ती एकटी गेली, वाटेला सोबत नाही, आणि पोरीवर तिचा जीव होता. ती सोबत न्यायला आली आहे. दार उघडायची वाट बघते आहे.

“बाबा,” आतून श्रुतिकाने हाक मारली, “कोण आलंय?”

“कोण नाय गो. मीच.”

“अंजनामावशीचा फोन लागत नाहीये. रामनाथकाकांना विचारा ना.”

“विचारतो,” तो म्हणाला, आणि फिनेलच्या वासाने येतं तसं डोळ्यांत पाणी आलं.

त्या आठवड्यात श्रुतिकाचं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी आधीच्या आठवड्यापेक्षा कमी झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधामुळे होतं असं कधीकधी, पण या दिवसांत जास्तच जपा. जयवंतला औषध दिसत नव्हतं. त्याला उंबऱ्यावरची बोटं दिसत होती.

५

त्र्याहत्तराव्या दिवशी त्याने पिंप रिकामं केलं.

त्याचा हिशेब साधा होता. ती नियम मोडत नाही. हात धुतल्याशिवाय ती उंबऱ्याशी येत नाही. मग धुवायला पाणीच ठेवायचं नाही. पिंप उलटं करून त्याने स्टुलावर पालथं घातलं, साबण काढून घेतला. नलिनीला सांगितलं, नळ बिघडलाय, तू आपली थेट न्हाणीघरात जा. स्वतःसाठी खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली ठेवली.

पावणेचारला दाराबाहेर काहीही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लादी कोरडी. जयवंत त्या रात्री सलग सहा तास झोपला आणि सकाळी उठून त्याने श्रुतिकासाठी घावणे केले.

खिशातली बाटली दोन दिवसांनी संपली. उद्या आणू, उद्या आणू म्हणत राहिलं. घरात शिरल्यावर तो आतल्या बेसिनवर हात धुवायचा, पण दार, कडी, दिव्याचं बटण या सगळ्यांना हात लावून झाल्यावर. त्याला वाटत होतं तो लेकीला वाचवतोय. खरं तर दोन महिने ज्या एका गोष्टीने तिला वाचवलं होतं, तीच त्याने स्टुलावर पालथी घातली होती.

६

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी सकाळी त्याला अंग मोडल्यासारखं वाटलं. घसा खवखवत होता. त्याने नलिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं, आणि मग दुपारी पोरीपाशी कोण? शाळेत तिला रजा उरली नव्हती. बापाने आजारी पडायचं नसतं, असा त्याने स्वतःपुरता एक कायदा केला होता. एक क्रोसिन गिळून तो लॅबमध्ये रिपोर्ट आणायला गेला. तिथे तासभर रांग होती, मागचा माणूस त्याच्या मानेवर खोकत होता.

परत येताना चार जिने चढायला त्याला पंधरा मिनिटं लागली. वय झालं, तो मनाशी म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर तो दोनदा शिंकला. हातात रिपोर्टची पिशवी होती, आणि आत जाऊन श्रुतिकाच्या उशाशी बसून तिला आकडे वाचून दाखवायचे असं त्याने ठरवलं होतं. आकडे वाढले होते. रस्त्यातच त्याने तीनदा वाचले होते.

किल्ली फिरवून त्याने दार ढकललं. दार चार बोटं उघडलं आणि अडकलं. आतून साखळी लावलेली होती.

ती साखळी कधीच लावत नसत. श्रुतिका पलंगावरून उठून बाहेर येत नसे, आणि त्याला आत जाता यायला हवं म्हणून तर किल्ली होती.

“श्रुती? साखळी काढ गो.”

आतून पाण्याचा आवाज आला. आतल्या बेसिनचा नळ सुटला. बंद झाला.

जयवंतला मोजायचं नव्हतं. त्याचे ओठ आपोआप हलायला लागले. घड्याळात पावणेचार वाजले होते, पॅसेजमध्ये पिंप पालथं होतं, आणि ती आत होती. त्याच्या लेकीच्या खोलीपासून सहा पावलांवर. त्याने पाणी बंद करून तिला बाहेर ठेवलं नव्हतं, आत घातलं होतं.

“श्रुती!” तो ओरडला. आवाज फुटलाच नाही, घशातून नुसती खरखर निघाली. त्याने खांद्याने दार ढकललं. साखळी ताणली. वीस झाले. नळ सुटला आणि बंद झाला. मग फरशीवर पावलं, ओली, सावकाश, दाराच्या दिशेने.

फटीत एक हात आला.

तळवा त्याच्याकडे, बोटं वर, रस्त्यात गाडी थांबवतात तसा. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या, दिवसभर बर्फात आणि पाण्यात हात असणाऱ्यांच्या पडतात तशा. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारलेल्या. तर्जनीच्या पेरावर काळानिळा डाग. मनगटावरून पाणी टपकत होतं. साबणाचा वास आला, स्वच्छ, साधा.

हात दाराला लागला नाही. त्याला ढकललंही नाही. नुसता आडवा आला आणि तसाच राहिला.

जयवंतला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. भीतीने, असं त्याला वाटलं. तो मागे सरकत सरकत जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. अंग थडथडा उडत होतं आणि कपाळ भाजत होतं. आणि तेव्हा, त्या पायरीवर, त्याने डोक्याला हात लावला आणि त्याच्या लक्षात आलं की ही भीती नव्हे. हा ताप आहे.

खिशातला फोन वाजला. श्रुतिका होती.

“बाबा, कुठे आहात?”

“दारात. बाहेर.”

“मी झोपले होते, दाराच्या आवाजाने जागी झाले. बाबा, तुमचा आवाज केवढा बसलाय! ताप आहे का तुम्हाला?”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबा, खरं सांगा.”

“आहे,” तो म्हणाला. “आहे गो पोरी.”

“मग आत नका येऊ. प्लीज. खाली जा भाऊरावकाकांकडे, मी आईला फोन करते. मला सगळं हाताशी आहे, मी राहीन दोन तास.”

“श्रुती, साखळी तू लावलीस?”

“मी उठलेच नाहीये पलंगावरून,” श्रुतिका म्हणाली. “का?”

त्याने मान वर करून बघितलं. दार बंद होतं. उंबऱ्याच्या बाहेर त्याच्या बाजूला एकही थेंब नव्हता.

७

फ्लू होता, आणि चांगला जोराचा. नऊ दिवस जयवंत तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात राहिला. एका बाजूला थकबाकीदारांची यादी, दुसऱ्या बाजूला गणेशोत्सवाचे मोडके माइक, मधे त्याची चटई. भाऊराव खिडकीच्या गजातून पेज सरकवायचे आणि चार हात लांब उभं राहून विचारायचे, “काय परब, आता आम्ही तुमचे हात धुवायचे का?” जयवंतला हसता हसता खोकला यायचा. नलिनी घरी आली तेव्हा दाराला साखळी नव्हती. तिने बिनपगारी रजा टाकली आणि पहिल्याच संध्याकाळी पिंप सरळ करून काठोकाठ भरलं. त्यावर ती नवऱ्याला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एकही शब्द खोटा नव्हता.

श्रुतिकाला तपासलं. तिला काहीही लागलं नव्हतं. खबरदारी म्हणून पाच दिवस गोळ्या दिल्या. डॉक्टरीणबाई जयवंतला फोनवर म्हणाल्या, “काका, त्या दिवशी तुम्ही तिच्याजवळ दहा मिनिटं बसला असतात ना, तर आज मी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलत असते. सुचलं कसं तुम्हाला बाहेर थांबायला?”

“सुचलं,” जयवंत म्हणाला.

पावणेचारचा नळ पुन्हा वाजला नाही. नलिनीने घरी राहून नऊच्या नऊ दुपारी कान लावला होता. तिने कबूल केलं नाही, पण ‘आज पण काय नाय’ असं ती रोज फोनवर सांगत होती, आणि कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही.

शंभराव्या दिवशी हॉस्पिटलात रक्त तपासायला दिलं. आकडे चांगले होते. सुयोगच्या पेशी लेकीच्या हाडांत नीट रुजल्या होत्या. अजून जपायचं, अजून मास्क, अजून गर्दी नको, पण सगळ्यात वाईट घाट ओलांडला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जयवंतने त्यांना वाकून नमस्कार केला. त्या एवढ्या ओशाळल्या की खुर्चीतून उठल्या.

दुपारी घरी आल्यावर श्रुतिका पलंगावर बसली आणि म्हणाली, “बाबा, अंजनामावशी गेली ना?”

जयवंतने जे खोटं अठ्ठेचाळीस दिवस सांभाळलं होतं, ते त्याला एक क्षणही धरून ठेवता आलं नाही. “गेली,” तो म्हणाला. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? ती रोज दुपारी फोन करायची मला. झोपेतून उठवायची आणि विचारायची, आज कोण कोण आत आलं, हात धुतले का त्यांनी. एक दिवस फोन आला नाही, मग आलाच नाही. मी काय लहान आहे?” तिचे डोळे भरले. “तुम्हाला वाटत होतं मी खचेन. मला वाटत होतं तुम्ही खचाल. म्हणून मी पण नाही विचारलं.”

“मग मावशीचा फोन लागत नाही, रामनाथकाकांना विचारा, असं का म्हणत होतीस?”

“वाटायचं, तुम्ही सांगाल एकदाचं.”

श्रुतिकाने डोळे पुसले. मग ती म्हणाली, “त्या दिवशी साखळी कोणी लावली, ते मला विचारू नका. मी पण तुम्हाला काही विचारत नाही. पण मी झोपेत असताना खोलीच्या दारात कोणीतरी पाठमोरं बसलं होतं बाबा. ऐसपैस, मांडी घालून. मला जराही भीती नाही वाटली. उलट एवढी गाढ झोप किती महिन्यांनी लागली.”

जयवंतने तोंडावरचा मास्क नीट केला, कारण त्याच्या आत सगळं ओलं व्हायला लागलं होतं. तो उठून बाहेर जायला निघाला. तीन महिने त्याने जे काही रडायचं ते जिन्यावर रडून घेतलं होतं.

“कुठे चाललात?” श्रुतिका म्हणाली. “रडायचंय ना? बसा की इथेच. तुम्हाला आता ताप नाहीये.”

तो परत फिरला. लेकीच्या पलंगाच्या कडेला बसला, तिचा हात दोन्ही हातांत धरला, आणि अंजनाबाईंसाठी मोकळ्या गळ्याने रडला. श्रुतिकाही रडली. संध्याकाळी नलिनी गणपतीसाठी पहिला हार विकत घेऊन आली, तेव्हा दोघांना कडकडून भूक लागली होती.